विहिरीजवळचा नर

फुलोरा उमलला होता. खजुराच्या माद्यांमधून पांढऱ्या काड्या बाहेर डोकावत होत्या, आणि नारणभाईंकडे त्यांत खोचायला काहीच नव्हतं.

खजुराचं वाऱ्यावर भागत नाही. नराच्या फुलाची काडी मादीच्या घोसात माणसानंच खोचायची. दोन-चार दिवस हुकले की वर्ष गेलं. मग जे लागतं ते बकऱ्याही खात नाहीत.

विहिरीजवळचा नर त्यांनी दिवाळीनंतर पाडला. ओळखीच्या बागवाल्या हरेशचा पॉडकास्ट ऐकून. खिशातल्या फोनमध्ये तो आताही बोलत होता. बंद करायचाही कंटाळा.

“...नर म्हणजे घरजावई. बसून पाणी पितो. त्या जागी मादी लावा. फुलोऱ्यापुरता नर दुसरीकडून आणता येतो...”

आणता येतो, हे खरंच. मुंद्र्याकडे कुणाच्याही बागेत पहाटे शिरावं, नराचं फूल कापून न्यावं. मालक पैसे घेत नाही. कोण नेतं, तेही विचारत नाही.

नारणभाई निघाले.

वालबाईची बाग.

“नर?” वालबाई हसली. “भाई, हरेशचं तुम्हीच तेवढे ऐकता होय? आमचा होळीसाठी रचून ठेवलाय.”

“...जुनं म्हणून सांभाळू नका. हिशेब करा...”

जुसबची बाग. जुसबनं चहा दिला. नारणभाई एका बुंध्यावर टेकले, फुंकर घालत प्यायले, मग विचारलं.

“त्याच्यावरच बसलाय तुम्ही,” जुसब म्हणाला.

ऊन चढलं. पाय ओढत ते हरेशच्या फाटकाशी पोचले. हरेश भुजला राहायचा, मोसमापुरता बागेत यायचा. आत्ता तो मोटारसायकल बाहेर काढत होता. हँडलला रिकामी पिशवी आणि कोयता.

“तुझा तरी नर आहे ना रे, बापा?”

खिशातला हरेश बोलतच होता. समोरचा जरा गोंधळला.

“माझा कधी नव्हताच, काका. लहानपणापासून आम्ही तुमच्या विहिरीजवळचाच नेतो.” त्यानं सीटवरची धूळ हातानं झटकली. “बसा मागे. तिकडेच निघालोय.”

नारणभाई मागे बसले.