हात थांबेनात

शरयू टिपरे बाराला निवृत्त झाल्या आणि साडेबाराला संगणक विभागाच्या खुर्चीत येऊन बसल्या. एकोणीस वर्षांपूर्वी रुग्णालयाने कामासाठी त्यांच्या डोक्यात कर्णबधिरांची खुणांची भाषा बसवली होती. आता ती ओळखपत्रासारखी परत करायची होती.

विभागातल्या हर्षदने बटण दाबलं. पडद्यावर तांबडी ओळ उमटली : 'पॅकेज वापरात आहे. काढता येत नाही.'

"मॅडम, दोन मिनिटं खुणांचा विचार सोडा."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्याने यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा तीच ओळ.

"जबरदस्तीने काढता येईल, पण त्यात तुमचं मराठीही जाऊ शकतं. सही लागेल."

"सही मिळायची नाही."

हर्षदने पहिल्यांदाच पडद्यावरून मान वर केली. शरयूताईंची बोटं भराभर हलत होती आणि काचेपलीकडच्या बाकावर बसलेली एक बाई खुदुखुदु हसत होती.

"अहो, हे काय चाललंय?"

"गप्पा. ही आमची शेजारीण, हमीदा. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. एकोणीस वर्षं रोज बोलतोय आम्ही. तुमच्या बटणासाठी गप्प बसू?"

हर्षद चिडला. "कधीतरी हात दुखतीलच की!"

"दुखू देत. मग ती बोलेल आणि मी बघेन. समजून घेणं हाही वापरच ना?"

त्यांनी हात मांडीवर ठेवले. काचेपलीकडे हमीदाने बाह्या सरसावल्या आणि आपल्या लग्नाची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली.

पडद्यावरची ओळ तांबडीच राहिली.