मुठीतला हात

काउंटरखाली थोरल्या जावेने धाकटीचं मनगट दाबून धरलं होतं. दुकानात एक शब्द बोलायचा नाही, हे रस्त्यातच ठरलं होतं. धाकटीला काही आवडलं की तिचा चेहरा लगेच चुगली करतो आणि दुकानदार भाव चढवतो. म्हणून घासाघीस थोरलीने करायची, धाकटीने छताकडे बघत उभं राहायचं.

जुन्या जपानी ॲनिमे कार्टून मालिकांमधल्या पात्रांच्या पुतळ्या धाकटी जमवायची. शिलाईच्या पैशात बसतील त्याच घ्यायची, म्हणजे बहुतेक मोडक्याच. कोणाचा पाय वाकलेला, कोणाची तलवार गेलेली. घरी आणून ती त्यांना साबणाच्या पाण्याने धुवायची, वाकलेला पाय गरम पाण्यात धरून सरळ करायची. थोरली म्हणायची, आमच्या घरात नातवंडं नाहीत, पण न्हाऊ-माखू मात्र रोज चालू असतं.

आजही एक पुतळी टॉवेलात गुंडाळून पिशवीत होती. पळता पळता मागे वळून हसणारी लहान मुलगी, उजवा हात मनगटापासून गेलेला. जुन्या खेळण्यांच्या या दुकानात सुट्या भागांचा एक डबा असे. त्यात जुळणारा हात मिळतोय का बघायचं, एवढ्यासाठी दोघी आल्या होत्या. डबा तळापर्यंत उपसून झाला. टोप्या, शेपट्या, पंख, परक्या माणसांचे हात. हिचा नव्हता.

मग धाकटीची नजर दुकानदाराच्या टेबलावर गेली, आणि थोरलीला मनगटातला ठोका कळला.

तिथे त्याच मालिकेतली, पिशवीतल्या मुलीची मोठी बहीण उभी होती. कुठल्याशा घराची आवराआवर झाली, त्या खोक्यातून आलेली. जुनं प्लॅस्टिक चिकट होतं तशी ती झाली होती, आणि त्यावर धूळ बसून राखाडी पडली होती. एक हात पुढे. मुठीत कसलासा मळका गोळा, गोळ्याच्या टोकाला पुसट पिवळी कड.

पिशवीतल्या मुलीच्या बाहीलाही पिवळी कड होती, अर्धीच. कोणीतरी घाईत दोघींना वेगळं केलं होतं, आणि लहानीचा हात तुटून मोठीच्या मुठीत राहून गेला होता.

थोरलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की धाकटीला ही हवी आहे. तिने पुतळी उचलली, नाक मुरडलं, बोटं पदराला पुसली. असली चिकट वस्तू कोण घरात ठेवणार, म्हणाली. दुकानदार भावात थोडा उतरला. धाकटीच्या बटव्याला ते अजून झेपणारं नव्हतं. तेव्हा थोरलीने ठेवणीतला मुद्दा काढला.

"आणि हे मुठीत काय चिकटलंय? च्युइंगम?"

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. त्यालाही ते तसंच वाटलं.

"कापून देतो, मावशी. दोन मिनिटांचं काम."

"कापा. पण डाग राहणार, तेव्हा निम्म्यात द्यायची."

"बरं, निम्म्यात न्या."

निम्मे पैसे धाकटीकडे होते. तिने मनगट हलवलं. थोरलीची बोटं आणखी आवळली.

दुकानदाराने ड्रॉवरमधून कटर काढला, तो बोथट निघाला. दुसरा काढला. तारेच्या तुकड्यावर चालवून पाहिला, तार कट्कन तुटली. त्याने दिवा जवळ ओढला आणि पुतळी आडवी केली. बोलली तर भाव गेला. न बोलली तर हात गेला. पात्यांची टोकं मुठीच्या बोटांमध्ये शिरली.

"थांबा."

तिने मनगट हिसकून सोडवलं, टॉवेल उघडला आणि लहानीला टेबलावर ठेवलं. मग थोटं मनगट हलकेच त्या गोळ्याला टेकवलं. पिवळी कड पूर्ण झाली.

दुकानदाराने कटर खाली ठेवला. ओल्या फडक्याने गोळा पुसला. मळाखालून पाच इवलीशी बोटं निघाली.

थोरलीने कपाळाला हात लावला.

"आता कापायचं काही राहिलं नाही, मावशी," दुकानदार म्हणाला. "मग निम्मे कशाचे?"

थोरली पुन्हा चिकटपणावर आली, धुळीवर आली, पण तो आता ऐकेना. अशी जोडी शोधणारे लोक असतात, म्हणाला. ताईंनी लहानीही त्यालाच विकावी, तो चांगले पैसे देईल.

धाकटीने टॉवेलाची घडी घातली. रिकाम्याच टॉवेलाची.

"विकायची नाही. इथे ठेवून जाते."

"म्हणजे?"

"हात तुमच्याकडे, मुलगी माझी. मी पैसे घेऊन येईपर्यंत तुम्हाला एकटी कोणतीच विकता यायची नाही."

दुकानदाराने दोन्ही पुतळ्या तशाच, टेकलेल्या, उचलून वरच्या फळीवर ठेवल्या.

रस्त्यावर आल्यावर थोरली तडतडली. एवढं निम्म्यावर आणलं होतं, सगळं पाण्यात घातलंस. वर जवळ होती तीही देऊन आलीस. ना पावती, ना काही.

"आणि दोघींना विकून मोकळा झाला तर?"

"तर दोघी बरोबर जातील, वहिनी."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे. तिथे तिची स्वतःची चार बोटं लाल उमटली होती. सिग्नलला गाड्या थांबल्या तेव्हा तिने धाकटीचा हात हातात घेतला. पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही.