बिनमातीचा लेट्यूस

सुट्टी संपवून दोह्याला नोकरीवर परत जाण्याआधी शाहिदने घणसोलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पांढरे पाइप बसवले आणि नुसत्या पाण्यावर लेट्यूस लावून दिला. एरवी ईदला मेसेज टाकून मोकळा होणारा पोरगा मग आपली रोपं बघायला रोज व्हिडिओ कॉल करू लागला. त्या नादात अम्मीशी, बतूलशीही चार शब्द व्हायचे.

मे महिन्याच्या उकाड्यात मुळं कुजली आणि सगळ्या रोपांनी माना टाकल्या. तेव्हापासून संध्याकाळ झाली की बतूलचा जीव थाऱ्यावर नसे. बाजारातून आणलेला लेट्यूस पाइपाच्या भोकांत खोचायचा, त्यावर पाणी शिंपडायचं, हॉलमध्ये येऊन फोन बघायचा, की पुन्हा बाल्कनीत.

"अगो, सांगून टाक की त्याला एकदाचं," तिचा नवरा फजल वैतागून म्हणाला.

"सांगितलं तर तो रोज फोन कशाला करील?"

तेवढ्यात फोन वाजलाच. तिने घाईघाईने कॅमेरा पाइपांवरून फिरवला. आज शाहिद नेहमीसारखं "मस्त वाढलाय" म्हणाला नाही. तो बघतच राहिला.

"अम्मी, वरच्या पाइपात बघ. जुडीला भाजीवाल्याचा रबरबँड तसाच राहिलाय."

बतूलने झटकन कॅमेरा आपल्याकडे वळवला.



"उद्या तेवढा आठवणीने काढून ठेव," तो म्हणाला. "मी याच वेळेला फोन करतो."