त्रिकोणवाले आपले

“लाल सदरेवाले आपले, हिरवे समोरचे. आठवतंय ना, बाबा?” हेरंबनं कंट्रोलर वडिलांच्या हातात ठेवला.

“न आठवायला काय झालं,” म्हणत उमाकांतराव खुर्चीत सरळ झाले.

टेबलाशी कीरैची पालेभाजी निवडत बसलेल्या अलकनंदाचा हात थांबला. वीस वर्षांपूर्वी वेस्ट मांबलमच्या याच हॉलमध्ये बापलेक हाच खेळ खेळायचे. बंदरातल्या तस्करांच्या दोन टोळ्या आणि नुसता गोळीबार. उमाकांतराव दर डावात स्वतःच्याच टोळीतले दोन-तीन जण आडवे करायचे. हेरंब आधी हसायचा, मग चिडायचा, आणि एक दिवस त्यानं वडिलांना खेळायला बोलावणंच सोडलं. आता तोच खेळ नव्यानं बनवून बाजारात आला होता, आणि बनवणाऱ्यांत शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातला हेरंबही होता. रविवारची दुपार गाठून तो दाखवायला घेऊन आला होता.

“डोक्यावर खुणा दिल्यात आम्ही,” तो सांगत होता. “आपल्यांवर त्रिकोण, त्यांच्यावर गोल. ज्यांना बघायला अडचण येते त्यांच्यासाठी. नको असतील तर बंद करतो.”

“असू देत, असू देत.” उमाकांतराव जरा घाईनंच म्हणाले.

दहा मिनिटं झाली. गोदामं ताब्यात आली, दोन बोटी आल्या, आणि लाल टोळीतल्या एकालाही खरचटलं नाही.

“अय्यो, बाबा! एकही आपला पडला नाही!”

“चोरच सगळे,” अलकनंदा म्हणाली. “पडले तर पडले.”

“तू गप्प बस गं,” उमाकांतराव म्हणाले. त्यांचे कान खुशीनं वर चढल्यासारखे वाटत होते. इतकं खूश तिनं त्यांना निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

“आता गंमत बघा. हे बटण दाबलं की तेव्हाचं चित्र दिसतं. किती बदललंय, कळेल तुम्हाला.”

“अरे, कॉफी टाकते, बंद करा आता—” अलकनंदा उठेपर्यंत त्यानं बटण दाबलंही होतं.

समुद्र खरखरीत झाला. माणसांचे चेहरे चौकोनी झाले. त्रिकोण गेले. उमाकांतरावांनी गोळी झाडली आणि आपलाच एक माणूस पडला. मग दुसरा.

हेरंबनं बटण दाबलं. त्रिकोण आले, बंदूक बरोबर वळली. पुन्हा दाबलं. आपला माणूस पडला. ऑफिसात तो दिवसभर हेच तपासायचा. त्याचं बोट बटणावरून बाजूला झालं.

“बाबा, माझा शर्ट कुठल्या रंगाचा आहे?”

उमाकांतरावांनी शर्टाकडे पाहिलंच नाही. त्यांनी अलकनंदाकडे पाहिलं. असं त्यांनी पाहिलं की तिनं चटकन काहीतरी बोलून निभावून न्यायचं, हे लग्नापासून चालत आलं होतं. आज ती कीरैच्या काड्यांकडे बघत राहिली.

“रेल्वेचं इंजिन तुम्ही माझ्यासाठी सोडलंत ना?” हेरंबचा आवाज बारीक झाला. “पोरगा लहान आहे, रात्रीच्या ड्युट्या नकोत, म्हणून. मी नापास झालो की दर वेळी हेच ऐकलंय मी.”

“सोडलं नाही.” उमाकांतरावांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. “उतरवलं मला.”

मग तेच पुढे सांगू लागले. “डोळे तपासायचं ठिपक्यांचं पुस्तक असतं. ठिपक्यांत आकडे. मी पानं पाठ केली होती. पहिलं बारा, दुसरं आठ. आठ वर्षं निभलं. मग एक नवे डॉक्टर आले, त्यांनी पुस्तक मागून उघडलं.”

“आणि सिग्नल?”

“वरचा दिवा, मधला, खालचा, अशा जागा पाठ. आणि ड्रायव्हर आधी ओरडून सांगायचा. मी त्याच्यामागून तेच ओरडायचो.”

“बाबा! मागे डब्यांत माणसं बसलेली असायची!”

“म्हणून उतरवलं ते बरंच झालं. ऑफिसात टेबल दिलं, पगार राहिला. पण हे घरी सांगायचं कसं? त्यापेक्षा तुझं नाव पुढे करणं सोपं होतं. तू काय, पाळण्यात होतास. तू थोडाच ‘नाही’ म्हणणार होतास!”

हेरंब आईकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“यांचे मोजे पस्तीस वर्षं जोडीनं कोण लावतंय?” तिला हे हसत म्हणायचं होतं. जमलं नाही.

टीव्हीवर दोन्ही टोळ्या जागच्या जागी उभ्या होत्या. हेरंबनं वडिलांच्या मांडीवरचा कंट्रोलर उचलला. या खुणा कुणासाठी कायम ठेवायच्या, असं खेळ विचारत होता.

“‘पाहुणा’ म्हणून ठेवतो,” तो म्हणाला. “म्हणजे नाव दिसणार नाही.”

“मी कुठला पाहुणा? माझं नाव घाल.”

“खेळणाऱ्या सगळ्यांना दिसतं ते, बाबा. आमच्या ऑफिसातल्यांना पण.”

“दिसू दे.”

हेरंबनं एकेक अक्षर निवडायला सुरुवात केली. उमाकांतराव पुढे झुकून वाचत होते. नाव नव्हतं, त्यानं आधी हुद्दा घातला होता: असिस्टंट ड्रायव्हर. मग नाव घालायला घेतलं, तर चौकटीतली जागाच संपली. ‘उमा’ एवढंच मावलं.

“घ्या! बाईमाणूस करून टाकलं यांना,” अलकनंदा म्हणाली, आणि आता मात्र तिला खरंच हसू फुटलं.

“सेरी, सेरी, बरं, हुद्दा खोडतो, मग पूर्ण नाव बसेल.”

उमाकांतरावांनी त्याचं मनगट धरलं.

“ते खोडू नकोस,” ते म्हणाले. “नाव अर्धं चालेल.”