नळीचं वय

नळी तयार होऊन आली होती. काचेच्या डबीत कोमट द्रवात तरंगत होती, करंगळीपेक्षाही बारीक. पाच वर्षांच्या समर्थचा लघवीचा मार्ग जन्मतःच अपुरा होता. तीन शस्त्रक्रिया फसल्यावर त्याच्याच गालातल्या पेशींपासून ही नळी प्रयोगशाळेत वाढवायला दिली होती. पण डॉक्टर नागवेकरांनी ऐनवेळी ती बसवायचं थांबवलं. तपासणीत नळीच्या पेशींचं वय पन्नाशीच्या पुढचं निघालं होतं.

"तुमच्याकडे नमुन्यांची अदलाबदल झालीय," ते प्रयोगशाळेतल्या माणसाला फोनवर म्हणाले. तो ठामपणे नाही म्हणाला, तसा त्यांचा संशय आणखीच बळावला. जुना माल खपवतायत लेकाचे. आणखी किती पोरांच्या अंगात घातला असेल कुणास ठाऊक.

गालात फिरवायचा ब्रश टपालाने घरी जाई आणि घरचेच नमुना घेत. या वेळी मात्र तो आपल्या डोळ्यांदेखत घ्यायचा, असं ठरवून त्यांनी नवा ब्रश समर्थच्या आत्याच्या हाती दिला. फोन चालूच होता.

समर्थने ओठ गच्च मिटले.

"अजून किती छळायचं हो पोराला," आत्या खाली बघत म्हणाली.

"टोचत नाही ते. गालाला आतून नुसतं घासायचं."

समर्थ आत्याच्या कानाशी लागला, पण हळू बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"आत्या, मागच्यासारखं तुझ्याच गालात घास ना."

"हॅलो, डॉक्टर," फोनमधून आवाज आला, "चूक कुणाची म्हणालात?"