राखीव भाजी

हडपसरच्या आमच्या सोसायटीच्या लॉनवर पिवळ्या फुलांचं तण माजलं. सेक्रेटरी श्रीनिवासराव म्हणाले, "उद्या औषध मारून टाकू."

बागकाम करणाऱ्या नंदाताईंनी एक रोप उपटून दाखवलं. "साहेब, ही पाथरी आहे. भाकरीबरोबर कच्चीच खातात. औषध नको, फळ्यावर मी सांगते ते लिहा."

श्रीनिवासरावांनी लिहिलं: 'लॉनवरील पाथरीची भाजी कमिटी सदस्यांसाठी राखीव आहे. इतरांनी उपटू नये. मुळासकट तर अजिबात नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लॉनवर गवताशिवाय काही उरलं नव्हतं.

"झालं की नाही साफ?" नंदाताई खूश.

श्रीनिवासराव मात्र खुरपं आणि रिकामी पिशवी घेऊन उभे. "अहो, पण राखीव म्हणून स्पष्ट लिहिलं होतं ना!"