वरचं वळण

साहेब दगडाला पाठ टेकून बसले होते. उजवं पाऊल भलत्याच बाजूला वळलं होतं आणि ओठ गारठ्यानं निळे पडले होते. ताईनं बॅटरीचा झोत त्यांच्या तोंडावर धरला आणि तसाच धरून ठेवला. एवढी वर्षं या माणसावर डूख धरला, उठता-बसता शिव्याशाप दिले, आणि आज तो आयता हाती लागला होता. तोही नेमका याच वळणावर.

याच वळणावर तिचा धाकटा भाऊ सापडला होता. सकाळी, थंड पडलेला. मांडीचं हाड मोडलं होतं, बाकी अंगावर म्हणावा असा ओरखडासुद्धा नव्हता. थंडीनं गेला, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळी शेपटाची पाळी साहेबांची होती. तेव्हा ते कुठले साहेब, साधे रखवालदार होते.

शेपूट म्हणजे सगळ्यात मागून चालणारा माणूस. उद्यान बंद व्हायच्या वेळी त्यानं डोंगरातल्या पायवाटा पालथ्या घालायच्या, हाका मारायच्या, कोणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं आणि खाली फाटकावर कळवायचं, वाट मोकळी. मग फाटकाला कुलूप. वरच्या वळणाचा चढ मात्र जीवघेणा, म्हणून तिथं कोणी चढत नसे. खालच्या फाट्यावरून हाक मारायची, ओ आली नाही की पुढे निघायचं. तशी रीतच पडून गेली होती.

चौकशीत साहेबांनी साळसूदपणे सांगितलं, "मी फाट्यावरून हाक मारली. ओ आली नाही." म्हणजे पोरगा फाटक बंद झाल्यावर चोरून आत शिरला असणार. खापर मेलेल्याच्या डोक्यावर फुटलं आणि प्रकरण मिटलं. आई मात्र अजूनही जेवता जेवता थांबते, घास हातात तसाच धरून विचारते, "त्यानं कुणाला हाक मारली असेल का गं?" ताईनं हट्टानं हीच नोकरी मिळवली, आणि हाकेवर भरवसा न ठेवता आपल्या पाळीला हा चढ चढत राहिली. बाकीचे तिला हसत. म्हणत, या शेपटाला भलतीच खाज.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. फाटकावरच्या दादाला घरी जायची घाई झाली होती. "ताई, वाट मोकळी का? कुलूप लावतो."

ताईनं साहेबांकडे पाहिलं. अंगात नुसता शर्ट. अंधारून आलं होतं आणि या दिवसांत पहाटेपर्यंत डबक्यातलं पाणी गोठायचं. उद्या याच माणसाचा निरोप समारंभ होता. त्याच्या निष्कलंक सेवेची भाषणं होणार होती. आता तो गयावया करील, हातापाया पडेल. तिला तेच बघायचं होतं. तिनं बटण दाबलं.

"मोकळी," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "बरं केलंस, पोरी. आता जा तू. उशीर केलास तर घसरशील."

ताई चमकली. मघाशी खाली फाट्यावर तिनं घसा फोडून हाका मारल्या होत्या.

"माझी हाक ऐकू आली होती तुम्हाला?"

"आली."

"मग ओ का नाही दिलीत?"

साहेब हळूच म्हणाले, "त्यानं दिली होती. तुझ्या भावानं. पडलोय म्हणाला, वर या म्हणाला. मला वाटलं, टवाळ पोरं असतील. मागेही असंच चढायला लावून दात काढले होते कुणीतरी. गुडघा दुखत होता. कंटाळा केला मी आणि खाली निघून गेलो."

ताईनं बॅटरी खाली घेतली.

"नोकरी होती तोवर बरं होतं," ते म्हणाले. "दिवसभर माणसांचा गलका, त्यात त्याचा आवाज दबून जायचा. आता घरात बसून राहायचं म्हणजे दिवसरात्र तोच ऐकायचा. नाही झेपणार मला. म्हणून इथं आलो. घसरलो ते बरंच झालं. वाटलं, अंधार पडल्यावर शेपूट काही वर चढायचं नाही. तू गेलीस की सुटलो मी."

संतापानं ताईची कानशिलं तापली. म्हणजे सूड म्हणून तिनं जे त्याच्या पदरात टाकलं, तेच तर मागायला तो इथवर आला होता. आणि जे त्याला ठाऊक होतं, ते तो सोबत घेऊन निघाला होता. तिनं पुन्हा वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"दादा, कुलूप काढ. वाट मोकळी नाही. वरच्या वळणावर साहेब आहेत, पाय मोडलाय. स्ट्रेचर घेऊन माणसं पाठव, पळत या म्हणावं."

साहेब दचकून पुढे सरकले, कळवळले, आणि त्यांनी तिचं पाऊल धरलं. "नको गं. पाया पडतो तुझ्या. जाऊ दे मला."

"आई अजून विचारते, त्यानं कुणाला हाक मारली असेल का म्हणून," ताई म्हणाली. "तिच्यासमोर बसायचं आणि सांगायचं. ती विचारील तितक्या वेळा सांगायचं."

साहेब रडू लागले. तिनं अंगातलं जाकीट काढलं आणि त्यांच्याभोवती गच्च आवळलं; खाली पोचेपर्यंत या माणसानं मरता कामा नये.